सोरोरिटीसाठी शिफारसपत्र मागताय? या चुका टाळा

जुलै लागला की माझा फोन वाजायला लागतो. मुलगी अमेरिकेत अलाबामाला नाहीतर मिसिसिपीला कॉलेजसाठी निघालेली असते, ऑगस्टमध्ये वर्ग भरायच्या आधीच रश, म्हणजे सोरोरिटीची (कॉलेजमधल्या मुलींच्या संघटनेची) निवडफेरी असते आणि ‘ते रेक का काय ते’, म्हणजे शिफारसपत्र, तातडीने हवं असतं. मी टेक्सासमध्ये शिकताना सोरोरिटीत होते, म्हणून ओळखीतल्या मराठी घरांतून हे काम माझ्याकडे येतं. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रेकला कॉलेज प्रवेशाचं पत्र समजणं. रेक लिहिते ती त्याच सोरोरिटीची सदस्य, बहुधा शिकून बाहेर पडलेली. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिट्यांच्या महासंघात अशा पंचवीसेक संघटना आहेत, आणि एकीची सदस्य दुसरीसाठी रेक देत नाही.

मागे एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. निळ्या फाइलमध्ये चार पत्रं: गणिताचे सर, बाबांचे बॉस, फॅमिली डॉक्टर, भरतनाट्यमच्या ताई. रश नऊ दिवसांवर. “मावशी, यातलं एकही चालणार नाही?” तिचा चेहरा बघवेना. मी रेझ्युमे मागितला. तीन पानं, नुसती बक्षिसं. बोलता बोलता कळलं, ती चार वर्षं दर रविवारी मराठी शाळेत चिमुरड्यांना शिकवते. इथे जन्मलेल्या पोरांच्या जिभेवर ‘ळ’ बसावा म्हणून बाळ, माळ, काळ असा टाळ्यांचा खेळ घेते. हे लिहिलं का नाहीस? “ते तर घरचंच काम ना!” मी माझं पत्र त्या ‘ळ’वरच लिहिलं. बाकी सोरोरिट्यांसाठी मला काहीच करता आलं नाही.

दुसरी चूक, फेसबुकवर अनोळखी बाईला गाठून पत्र मागणं. ‘हुशार, मनमिळाऊ, मेहनती’ हे कुणाबद्दलही लिहिता येतं आणि पत्र वाचणाऱ्या सोरोरिटीतल्या मुलींना ते लगेच कळतं. मी मुलीशी स्वतः अर्धा तास बोलल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. तिच्याऐवजी आईने फोन केला, तर मुलीला फोन द्या म्हणते. इथे घाई करणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

पत्र मे महिन्यातच मागा. एकाच सोरोरिटीला पाच-पाच पत्रं पाठवू नका, एक पुरतं.

आणि आधी नियम बघा. गेल्या काही वर्षांत बऱ्याच संघटनांनी रेकची सक्ती काढली, काही ठिकाणी आता नुसता ऑनलाइन फॉर्म असतो. मला हे मनापासून पटतं, कारण पत्र ओळखीवर मिळतं आणि ओळख सगळ्यांकडे नसते. 2013 मध्ये अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींना सोरोरिट्यांनी डावलल्याचं ‘क्रिमसन व्हाइट’ या तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्राने उघड केलं होतं. ज्या घरात आई-आजी सोरोरिटीत नव्हत्या, त्या घरच्या मुलीने ओळख आणायची कुठून? आपल्या मुलींचीही तीच अडचण.

आभाराची चिठ्ठी हाताने लिहा, बिड (सोरोरिटीत येण्याचं आमंत्रण) मिळो न मिळो. त्या निळ्या फाइलवालीला माझ्या सोरोरिटीची बिड आली नाही. जिथे तिचं एकही पत्र गेलं नव्हतं, तिथली आली. तरी तिची चिठ्ठी आठवड्याभरात माझ्या टपालपेटीत होती, मराठीत, प्रत्येक ‘ळ’ नीट गोल काढलेला.