नखे सुटली, पैसेही गेले: नेल सलोनमध्ये या चुका टाळा

खानापूरच्या माझ्या मावसबहिणीने लग्नाच्या दोन दिवस आधी बेळगावात येऊन जेल एक्स्टेन्शन, म्हणजे खऱ्या नखांवर जेल चढवून लांब केलेली नखे, करून घेतले आणि हळदीची अंघोळ आटोपेपर्यंत त्यांतील तीन नखे सुटून आली. सलोनने ‘तुम्हीच पाण्यात हात घातले असतील’ म्हणून अंग काढून घेतले, तर घरच्यांनी सगळे खापर सलोनवर फोडले. घडलेला क्रम नंतर शांतपणे तपासला, तेव्हा चूक दोन्हीकडे दिसली.

मुळात गोंधळ मेंदीचा होता. मेंदी सलोनला जाण्याच्या आदल्या रात्री काढली होती, तीत निलगिरीचे तेल होते आणि सकाळी ती खरवडल्यावर हातांना खोबरेल तेलही चोळले होते. नखाच्या पृष्ठभागावर तेलाचा अंश राहिला की जेल घट्ट धरत नाही. म्हणून मेंदी आधी उरकून, निदान एक दिवस मध्ये सोडून, हात साबणाने स्वच्छ धुऊनच नखांचे काम करावे. अर्थात नख पुसून कोरडे करणे हे कारागिराचेही काम असते, आणि ते घाईत उरकले जात असल्याचे दिसताच टोकायला हवे होते. शिवाय फिकट रंगाच्या जेलवर हळदीचा पिवळा डाग बसतो, हे लग्नघरात कोणाच्या लक्षात येत नाही.

टोकायचे मात्र राहून जाते. भीड भिकेची बहीण म्हणतात, तिचा प्रत्यय या खुर्चीत हमखास येतो. आपल्याकडे कारागीर बहुधा हिंदीत किंवा कन्नडात बोलतात, आपण मराठीत सांगतो आणि तिन्ही भाषांत मान मात्र सारखीच डोलते. तेव्हा आकार, लांबी आणि रंग शब्दांत न सांगता फोटो दाखवून ठरवावेत. जेल घट्ट करण्याच्या दिव्याखाली बोट चटकन भाजल्यासारखे झाले, तर दात-ओठ आवळून बसू नये. जेलचा थर जाड झाला की तो घट्ट होताना उष्णता एकदम वाढते. हात लगेच बाहेर काढून थर पातळ द्यायला सांगावे. जेल नखाच्या कडेच्या कातडीवर ओघळले असेल, तर दिवा लावण्यापूर्वीच पुसून घ्यावे, कारण तिथूनच नख उचलायला सुरुवात होते आणि काहींना खाजही सुटते.

सर्वांत महागात पडणारी चूक पुढे घरी होते. रागाच्या भरात उरलेली नखे ओढून काढली की त्यांबरोबर खऱ्या नखाचे पापुद्रेही निघतात. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, त्यामुळे ते पूर्ण नवे यायला सहा महिने लागतात. साधे जेल पॉलिश ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस 10 ते 15 मिनिटे बांधून ठेवल्यास सैल होते. कठीण जेल मात्र त्यात विरघळत नाही, ते घासूनच काढावे लागते आणि ते जाणत्या हाताकडूनच काढून घ्यावे. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-जांबोटी भागात, उचललेल्या कडेखाली ओल साचून हिरवट डाग पडतो. त्यावर नवा रंग चढवून तो झाकू नये. दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

राहिला प्रश्न पैशांचा. नखांचे फोटो त्याच दिवशी काढावेत, सलोनला लेखी संदेश पाठवून आधी दुरुस्ती मागावी आणि बिल जपून ठेवावे. आमच्याकडे बिलच नव्हते. ‘ओळखीतले आहेत’ म्हणून मागितलेच नाही. सेवेचे बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दाद मिळाली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत, जाता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तिथे शुल्क पडत नाही.