दुसरं युनिट सुरू करण्याआधीची तयारी

शिरोली एमआयडीसीत वीस-पंचवीस वर्षं चाललेली फाउंड्री, शेजारी मशीनशॉप, आणि आता कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत नवा प्लॉट. कोल्हापूरच्या बऱ्याच उद्योजकांची गाडी आज या वळणावर आहे. शेड, क्रेन, भट्टी, वीजजोड यांची यादी मालकांना तोंडपाठ असते. कॉम्प्युटरचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "इथलंच तिकडं करायचं." मला काळजी वाटते ती याच वाक्याची. इथलं जे चाललंय ते कॉम्प्युटरवर कमी आणि माणसांच्या आठवणीवर जास्त चाललंय, आणि आठवण तिकडं नेता येत नाही.

म्हणून कोटेशन मागवायच्या आधी नावं एक करा. एकच कास्टिंग, म्हणजे ओतून घडवलेला भाग, ग्राहकाच्या ऑर्डरीत ड्रॉइंग नंबरनं येतं, पॅटर्नशॉपमध्ये पॅटर्न नंबरनं ओळखलं जातं, मोल्डिंगवाले त्याला 'मोठं हाउसिंग' म्हणतात आणि अकाउंटमध्ये ते भलत्याच नावानं पडलेलं असतं. एका छपराखाली हे खपतं, कारण जुन्या स्टोअरकीपरला चारही नावं माहीत असतात. युनिटं दोन झाली की स्टोअरकीपरही दोन होतात. मग एकाकडं माल पडून राहतो आणि दुसरा त्याच मालासाठी खरेदीची चिठ्ठी फाडतो. स्टोअर, पॅटर्नशॉप, डिस्पॅच आणि अकाउंट यांतला एकेक जाणता माणूस एका टेबलाशी बसवा आणि प्रत्येक वस्तूला एकच कोड द्या. कोडमध्ये वजन, धातू, ग्राहक असलं काही कोंबू नका. ग्राहक बदलला की कोड खोटा पडतो. ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती वेगळ्या रकान्यात लिहा. बंद झालेल्या वस्तूचा कोड पुन्हा कुणाला देऊ नका. ग्राहक, पुरवठादार आणि कामगार यांच्या याद्याही अशाच करा. याला दीड-दोन महिने सहज जातात आणि तेवढ्या काळात दाखवायला हातात काहीच नसतं. तरी यात घाई करू नका, एवढं मी हात जोडून सांगेन. पुढचं सगळं या यादीवर उभं राहणार आहे.

हीट नंबरचं, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूला जो नंबर देतो त्याचं, आत्ताच ठरवा. दोन्ही भट्ट्या एकाच तारखेला हीट नंबर एक काढणार. सहा महिन्यांनी ग्राहकाची तक्रार आली की टेस्ट सर्टिफिकेट कुठल्या भट्टीचं, हे शोधत बसावं लागेल. नंबराच्या सुरुवातीला युनिटचं एक अक्षर जोडलं की प्रश्न मिटतो. बिलांच्या मालिकेलाही तीच युक्ती करा. फक्त जीएसटीच्या नियमानुसार बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, हे ध्यानात ठेवून.

कागदोपत्री कामं तुमचे सीए सांगतीलच, पण सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यांच्याशी एकदा बसा. राज्य एकच असल्यामुळं नवी जागा त्याच जीएसटी नोंदणीत जोडता येते, आणि एका नोंदणीखालच्या दोन युनिटांत माल हलवताना डिलिव्हरी चलन लागतं, टॅक्स इनव्हॉइस नाही. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात कामासाठी, गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, तेव्हा कुठल्या युनिटातून काय गेलं आणि काय आलं, हे सॉफ्टवेअरला दाखवता आलं पाहिजे. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, आहेच. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंद करण्याची सोय त्यात असता कामा नये.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण दोन युनिटांचा डेटा एकाच जागी असू द्या. दोन वेगळ्या फायली ठेवून महिनाअखेरीला जुळवणी करू, असं ज्यांनी ज्यांनी ठरवलं त्यांची जुळवणी मी रात्री अकरा वाजेपर्यंत चाललेली पाहिली आहे. विक्रेत्याला दोन प्रश्न लेखी विचारा: आज १५ माणसं वापरणार, उद्या ६० वापरतील तेव्हा दर काय असेल? आणि आमचा सगळा डेटा आम्हाला हवा तेव्हा, तुमच्याशिवाय, बाहेर काढता येईल का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर गुळमुळीत आलं तर पुढं जाऊ नका.

नेटवर्कचं काम शेड उभी राहत असतानाच करा. नंतर भिंती फोडाव्या लागतात. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरच्या पुढं नेऊ नका आणि पॉवर केबलच्या ट्रेमधून तर मुळीच नेऊ नका. इंडक्शन भट्टीच्या आसपास आणि एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फायबरच टाका, विजेच्या गोंगाटाचा त्याला त्रास होत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: जुन्या ऑफिसात राउटर जसा आला तसा लावलेला असतो आणि नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांचे पत्ते (आयपी) १९२.१६८.१ ने सुरू होतात. कागललाही तसंच झालं तर दोन्ही नेटवर्क जोडायच्या दिवशी पत्त्यांची टक्कर होते आणि प्रिंटरपासून हजेरीच्या मशीनपर्यंत सगळं पुन्हा बसवावं लागतं. पत्त्यातला तिसरा आकडा शिरोलीला १०, कागलला २० आणि तिसऱ्या युनिटासाठी ३० असा आजच राखून ठेवा. खर्च शून्य.

सीएनसी मशीनना जोडलेले जुने पीसी ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि मशीनवर त्याहून जुनी विंडोजही सर्रास चालू असते. ती बदलता येत नाही हे मान्य, पण तिच्यात खिशातला पेनड्राइव्ह घालणं बंद करता येतं.

आता पाण्याचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. तुमची दोन युनिटं पंचगंगेच्या दोन तीरांवर आहेत. माणूस हार्ड डिस्क घेऊन पलीकडं जाईल, हा बेत नेमका गरजेच्या दिवशी फसेल. सर्व्हर तळमजल्यावर नको. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक जिल्ह्याबाहेर किंवा क्लाउडवर असू द्या. दोन्ही युनिटांना इंटरनेटच्या दोन लाइनी, दोन कंपन्यांच्या, आणि त्यातली एक बिनतारी. शिवाय तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून खरोखर एक महिन्याचा हिशेब उघडून पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

चाव्या कुणाकडं आहेत, याचीही एक यादी करा. वेबसाइटचं डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे? जीएसटी पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो? एका ठिकाणी तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटकडं जात होता, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला त्यांना फोन करत बसावं लागलं. ही खाती कंपनीच्या ईमेलवर आणि कंपनीच्या सिमवर आणा, ते सिम मालकांच्या घरातल्या कुणाकडं असू द्या. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे पासवर्ड बंद करायचे, हे कुणाचं काम आहे ते नावानिशी लिहा. सायबर हल्ला झाला तर तो लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवावा लागतो. तो फोन आणि ईमेल कोण करणार, हेही तिथंच लिहा.

पूजेची तारीख धरण्याआधी एक दिवस तालमीसाठी ठेवा. सकाळी दहाला कागलची मुख्य लाइन काढा, अकराला यूपीएसचा मेन स्विच पाडा. नव्या स्टोअरकीपरला, जुन्याला फोन न करता, एक कास्टिंग कोडवरून शोधायला सांगा, त्याचं चलन काढायला सांगा आणि गाडी गेटबाहेर सोडायला सांगा. गाडी जिथं अडेल ती जागा वहीत लिहून घ्या. पूजेची तारीख ती दुरुस्त झाल्यावर धरा.