पेलेश्यान यांचे माहितीपट कसे पाहावेत

आर्तावाझ्द पेलेश्यान यांची सारी कारकीर्द दोन-तीन संध्याकाळींत पाहून होते, आणि म्हणूनच ती घाईने उरकली जाण्याची भीती अधिक. १९३८ साली आर्मेनियातील लेनिनाकान, म्हणजे आजच्या ग्युम्री येथे जन्मलेल्या आणि मॉस्कोच्या चित्रपटसंस्थेत शिकलेल्या या दिग्दर्शकाचे बहुतेक माहितीपट अर्ध्या तासाचे किंवा त्याहून लहान आहेत. त्यांत निवेदक नाही, संवादही नाहीत. अर्थाचा निम्मा भार ध्वनीवर असल्यामुळे ते मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नयेत.

प्रारंभ कालक्रमाने न करता १९७५ च्या ‘ऋतू’पासून करावा. खळाळत्या नदीत मेंढीला घट्ट धरून वाहत जाणारा मेंढपाळ, डोंगरउतारावरून गवताच्या गंजींसह घसरत येणारी माणसे आणि सोबतीला इटालियन संगीतकार विवाल्दी यांचे संगीत, एवढ्यावर हा पट उभा आहे. कथा शोधत बसू नये.

त्यानंतर १९६९ चा ‘आम्ही’ घ्यावा आणि तो दोनदा पाहावा. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांनी शेजारशेजारच्या दोन दृश्यांच्या टकरीतून अर्थ काढला. पेलेश्यान यांनी मात्र कळीची दृश्ये मुद्दाम एकमेकांपासून दूर ठेवली आणि या रीतीला ‘अंतराचा मोंताज’ (मोंताज म्हणजे दृश्यांची अर्थपूर्ण जोडणी) म्हटले. पहिल्या वेळी नुसते पाहावे. दुसऱ्या वेळी, आरंभी दिसणारा लहान मुलीचा चेहरा पुन्हा कोठे येतो, तेव्हा कोणता ध्वनी असतो आणि मधल्या काळात अंत्ययात्रा, गर्दी, परतून भेटणारे आप्त पाहिल्यामुळे त्या चेहऱ्याचा भार कसा पालटतो, हे टिपून ठेवावे. विस्तारानंतर परतणारा बंदिशीचा मुखडा ज्यांच्या कानांत मुरला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

ही खूण पटल्यावर मागे, ऑक्टोबर क्रांतीवरील १९६७ च्या ‘आरंभ’कडे वळावे, जुन्या चित्रफितींना लय कशी मिळते ते तेथे उघड दिसते. प्राण्यांवरील ‘रहिवासी’ आणि अंतराळवीरांवरील ‘आमचे शतक’ सवडीने पाहिले तरी चालतील.

रेल्वेप्रवासाचा ‘अंत’ (१९९२) आणि प्रसूतीवरील रंगीत ‘जीवन’ (१९९३) हे मात्र एकाच बैठकीत, याच क्रमाने पाहावेत. २०२० चा ‘निसर्ग’ शेवटी ठेवावा: सत्तावीस वर्षांनी आलेला हा तासाभराचा पट भूकंप, त्सुनामी, ज्वालामुखी यांच्या इतरांनी टिपलेल्या दृश्यांतून घडला असल्याने, यात पेलेश्यान यांचे स्वतःचे काय, हा प्रश्न संकलनाकडे पाहूनच सोडवावा लागतो.