गाडी पाण्यात दम सोडते तेव्हा

आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन बाहेर पडलेली पोरं विचारतात, जेट स्कीचं, म्हणजे पाण्यावरच्या स्कूटरचं, काम शिकायला मालवणातच जाऊन राहावं लागतं का? नाही लागत. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स बंद होतात आणि हंगामभर राबलेल्या मशीनी घाट चढून आमच्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात येतात. लेथ, वेल्डिंग, ओतकाम सगळं इथं हाकेच्या अंतरावर. पोहता मात्र आलंच पाहिजे, त्यात सवलत नाही.

गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते. शेडमध्ये रेस दिली की झक्कास, पाण्यात नेली की दम सोडते. यात गूढ काही नाही. जेट स्कीला पुढं ढकलतो तो जेट पंप; त्यातला इंपेलर, म्हणजे पंखा, खालून पाणी ओढून मागं फेकतो. ट्रॉलीवर तो हवेत फिरतो, इंजिनावर लोडच नसतो. अर्ध्या दमाचं इंजिनही तिथं खणखणीत वाजतं. म्हणून जमिनीवर रेस देऊन 'ओके' म्हणणारा मेकॅनिक या धंद्यात टिकत नाही.

पाना हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारा: दम गेला तेव्हा इंजिनाचा आवाज चढला होता की पडला होता? निम्मं काम या उत्तरात होतं.

आवाज चढतोय, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढतोय, पण गाडी पुढं सरकत नाही, तर इंजिनाला हात लावू नका. दोष पंपात आहे. क्लच प्लेट गेलेली मोटारसायकल चढाला जशी नुसती कोकलते, तसंच हे. आधी की काढा, सेफ्टी लॅनयार्ड (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी दोरी) काढा, शक्य असेल तर बॅटरीची वायरही सोडवा, आणि मगच पंप जिथून पाणी ओढतो त्या खालच्या जाळीत हात घाला. जाळीत जलपर्णीची मुळं, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकची पिशवी यातलं काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. दोरी शाफ्टला गुंडाळली असेल तर ओढू नका, शाफ्ट हाताने उलटा फिरवत कापून काढा.

जाळी साफ निघाली तर इंपेलरच्या पात्यांच्या पुढच्या कडा टॉर्चने बघा. उथळ पाण्यात चालू केलेल्या गाडीचा पंप वाळू आणि खडे ओढतो आणि कडा खातो. निदान तीन फूट पाणी असल्याशिवाय थ्रॉटल द्यायचा नाही, हे गिऱ्हाइकाला दर वेळी सांगावं लागतं. मग इंपेलरभोवतीची वेअर रिंग, म्हणजे झिजली की बदलायचं कडं, बघा. नव्या रिंगेत पातं आणि रिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही दशांशाएवढीच असते. ती एक मिलिमीटरपर्यंत गेली की पाणी मागच्या मागं निसटतं, पंप हवा धरतो आणि ढकल मिळत नाही. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चारी बाजूंनी लावा, कारण रिंग एकसारखी झिजत नाही. उद्यमनगरात कोणीही तुम्हाला लेथवर रिंग टर्न करून देईल. बाजारात तयार मिळत असेल तर तीच घ्या, असं माझं मत. चुकीच्या प्लॅस्टिकची रिंग पाण्यात फुगते आणि इंपेलर धरून बसते.

आता दुसरी बाजू. आवाजच पडतोय, आरपीएम एका आकड्याच्या वर जातच नाही. फोर-स्ट्रोक गाडी असेल तर डिस्प्लेवरची वॉर्निंग आणि फॉल्ट कोड आधी बघा. इंजिन तापलं किंवा ऑइल प्रेशर पडलं, की कॉम्प्युटर स्वतःच आरपीएम दाबून ठेवतो. तो इंजिन वाचवत असतो, त्याला फसवायच्या भानगडीत पडू नका. तापण्याचं कारण शोधा. बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड करणारं पाणी जेट पंपातूनच येतं, म्हणजे जाळीतल्या कचऱ्याने ढकलही जाते आणि कूलिंगही. समुद्रातून आलेल्या गाडीच्या पाण्याच्या वाटांत मीठ आणि वाळू बसलेली असते, ते वेगळंच.

इथं दुसरा प्रश्न कामाला येतो: दम लगेच गेला की थोडं चालल्यावर? थोडं चालल्यावर जात असेल तर इंजिन बंद करून पेट्रोल टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' झालं आणि गाडी पुन्हा नीट पळाली, तर टाकीत हवा घेणारा व्हेंट व्हॉल्व्ह चिकटलाय. टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पेट्रोल येणं थांबतं. झाकणाने फरक पडला नाही तर हलच्या (गाडीच्या बंद सांगाड्याच्या) आतली एक्झॉस्टची रबरी नळी आणि तिचे क्लॅम्प तपासा. हे नवख्याला सुचतच नाही. इंजिन बंद खोक्यात बसलेलं असतं. एक्झॉस्ट आत गळला की इंजिन स्वतःचाच धूर ओढतं आणि गुदमरतं. सीट काढून हवा खेळू दिली की ते लगेच शहाण्यासारखं चालतं आणि तुम्ही बुचकळ्यात पडता. क्लॅम्पपाशी काजळी दिसली की समजा.

दोन्हीतलं काही नाही आणि दम लगेचच जातो, तर पेट्रोल बघा. जेट स्कीच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा सहसा १० टक्के लिहिलेली असते, आपल्या पंपावर मिळतं ते २० टक्क्यांचं. इथेनॉल पाणी शोषतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि टाकीतला पेट्रोलचा पंप ते आधी ओढतो. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून ठेवा, दोन थर दिसले तर सगळी टाकी रिकामी करा.

जुनी टू-स्ट्रोक असेल तर प्लग आणि कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, त्यांच्या वायरी अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि मग कॉम्प्रेशन गेज लावा. सिलिंडरांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर कार्बोरेटरशी खेळत बसू नका, पिस्टन बघा. आणखी एक, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. किनाऱ्यावर सेट केलेली कार्बोरेटरची गाडी इथं थोडी रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) चालते, थोडा दम कमी देते. त्यासाठी जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधून जाणाऱ्या पेट्रोलचं माप, बदललंत, तर तीच गाडी मालवणात लीन (पेट्रोल कमी) होऊन पिस्टन जाळेल. गाडी कुठं चालणार, हे विचारून मगच स्क्रू फिरवा.

जमिनीवर कूलिंगसाठी पाण्याचा पाइप लावून चालवायचीच असेल तर क्रम पाठ करा. आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी लावलं तरी फार वेळ चालवू नका, काही गाड्यांत पाणी आत येऊ न देणारं शाफ्टचं कार्बन सील सुकं राहून तापतं. आणि स्टार्ट करण्याआधी सीट काढून पेट्रोलची वाफ जाऊ द्या, दर वेळी.

सुरुवातीला फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर आणि बरा टॉर्च एवढं घ्या, स्कॅनर नंतर. पुराच्या बचावबोटींवरच्या आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लावायच्या) मोटारींचं कामही याच ओघात हाती येतं. तिथं इंपेलरऐवजी प्रोपेलर, पण आवाज चढला की पडला, हा प्रश्न तोच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की वर्कशॉपचा फोन वाजायला लागतो, म्हणून असल्या मोटारी मे महिन्यातच उघडून ठेवायच्या.