चार गावांची एकत्र पाणी आणि गटार योजना आखताना

गावांनी मिळून योजना घ्यायची ठरलं की पहिला वाद टाकी कुठल्या गावात यावर पेटतो. तो विषय मागे ठेवा. आधी उद्भव, म्हणजे पाणी जिथून घ्यायचं ती विहीर, बोअर किंवा धरण तपासा, आणि मे महिन्यातच तपासा. दिवाळीत खानदेशातली बहुतेक विहीर भरलेली दिसते. त्या पाण्यावर अंदाजपत्रक बेतलं तर उन्हाळ्यात टँकर ठरलेलाच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात विहीर तळापर्यंत उपसा, पंप बंद करा आणि दर तासाला पाणी किती चढलं ते टेपने मोजून वहीत लिहा. ८ मीटर व्यासाच्या विहिरीत १० तासांत दीड मीटर पाणी चढलं, तर ते साधारण ७५,००० लिटर झालं. आता गरज काढा. ३० वर्षांनंतरची लोकसंख्या १२,००० धरली, जलजीवन मिशनचा माणशी रोज ५५ लिटरचा दर लावला आणि १५ टक्के गळती धरली, तर उद्भवावरून रोज सुमारे पावणेआठ लाख लिटर उचलावे लागतात. एवढं पाणी अशा एका विहिरीचं काम नाही. धरणातून घ्यायचं असेल तर जलसंपदा विभागाकडे पिण्याच्या पाण्याच्या आरक्षणाचा प्रस्ताव पाइपलाइनच्या नकाशाआधी गेला पाहिजे.

शेजारच्या शेतात पाणी लागलं म्हणून तिथेच बोअर घेऊ नका. धुळे-नंदुरबारकडे जमिनीत काळ्या दगडाच्या उभ्या भिंती आहेत, त्यांना डाइक म्हणतात. अशा भिंतीच्या एका अंगाला पाणी अडतं आणि दुसऱ्या अंगाची विहीर कोरडी राहते. जागा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून ठरवून घ्या. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात पातळी खाली खाली जात आलेली आहे, तिथे आजच्या पातळीवर पंप निवडला तर काही वर्षांत तो हवा ओढू लागतो.

खरी चूक होते ती गटारात. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे माणशी ४४ लिटर. ५० घरांच्या गल्लीत २५० माणसं धरली तर दिवसाचे ११,००० लिटर. सकाळच्या गर्दीला तिप्पट धरलं तरी सेकंदाला अर्धा लिटरसुद्धा वाहत नाही. १५० मि.मी.च्या पाइपात एवढ्याशा धारेने मैला सरकत नाही, जागीच बसतो. भुयारी गटाराचे मापदंड माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा गृहीत धरून आहेत. त्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळ येणार असेल तर मधले दिवस पाइप कोरडाच. म्हणून ५५ लिटरच्या योजनेत गावभर भुयारी गटार घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वस्ती विरळ असेल तिथे शोषखड्डे आणि दोन खड्ड्यांचे शौचालय करा. दाट गावठाणात सेप्टिक टँकमधून निवळलेलं पाणीच तेवढं लहान पाइपाने बाहेर न्या आणि टाक्या उपसणारी गाडी गल्लीत शिरेल का, ते आधी पाहा.

पाणी खरोखर भरपूर असेल आणि पूर्ण गटार घ्यायचंच असेल, तर ज्या मुख्य ओळीत सेकंदाला २ लिटर वाहणार तिला हजार मीटरला ६ मीटर उतार द्या. चेंबर दर ३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर हवं. पिण्याची लाइन गटारापासून ३ मीटर लांब ठेवा. छेद येईल तिथे ती गटाराच्या किमान अर्धा मीटर वरून न्या. आणि धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांच्या पन्हळी गटाराला जोडू देऊ नका. धाब्यावरची खारी माती पहिल्या पावसात पन्हळीतून उतरते, चेंबरच्या तळाशी थर धरते आणि वाळल्यावर तो पहारीने फोडावा लागतो. भांडी घासायची राखही तशीच, म्हणून घराबाहेर जाळीचं छोटं चेंबर सक्तीचं करा.

काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि पाइपांचे सांधे ओढले जातात. खाली-वर वाळू किंवा बारीक मुरूम घाला, पाइपावर किमान ९० सें.मी. माती राहू द्या. एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप मेच्या दुपारी ताणून जोडू नका. २० अंशांच्या फरकाने १०० मीटर पाइप ३० ते ४० सें.मी. आखडतो. तो चरात नागमोडी टाकून सकाळी जोडावा.

विजेचा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडा. पावणेआठ लाख लिटर ६० मीटर चढवायला रोज साधारण २१० युनिट लागतात. युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याला ५०,००० रुपये, म्हणजे २,४०० कुटुंबांत प्रत्येकी २१. त्यात व्हॉल्व्हमनचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि दुरुस्ती मिळवूनच पाणीपट्टी ठरवा. प्रत्येक गावाच्या वेशीवर मोठं मीटर बसवा. ते नसेल तर शेवटच्या गावाला पाणी का पोचलं नाही, हे कुणालाच दाखवता येत नाही आणि ते गाव पट्टी भरणं बंद करतं.

सांडपाण्याच्या जागेचा सातबारा ग्रामपंचायतीच्या नावावर झाल्याशिवाय निविदा काढू नका. ती जागा उद्भवाच्या खालच्या अंगाला आणि नाल्याच्या पूररेषेबाहेर असावी. ठेकेदाराचं बिल सोडण्यापूर्वी लाइनची दाबचाचणी गावांच्या पाणी समितीसमोर घ्या, तीही चर बुजवण्याआधी.