कामगारांच्या तब्येतीवर काम करायला येताय? फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

ऑक्युपेशनल हेल्थमध्ये, म्हणजे कामाचा तब्येतीवर काय परिणाम होतो ते बघण्याच्या क्षेत्रात, नवीन आलेली मंडळी सर्व्हेचा फॉर्म काढतात, तंबाखू खाता का, दारू पिता का, व्यायाम करता का, झालं काम. माझं म्हणणं, आधी विचारा की दिवसभर नक्की करता काय. रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने १७०० सालीच लिहून ठेवलंय, पेशंटला त्याचा धंदा विचारा म्हणून.

नुसतं 'ड्रायव्हर' लिहून काही कळत नाही हो. लांब पल्ल्याचा ट्रकवाला पाणी मुद्दाम कमी पितो कारण लघवीला थांबायची सोय नाही, रात्री डोळा लागू नये म्हणून तोंडात तंबाखू, आणि जेवण मिळेल तेव्हा मिळेल ते. त्याला व्यसनमुक्तीचं लेक्चर दिलंत तर मान डोलावेल आणि परत गाडीवर बसेल, ड्युटी थोडीच बदलणारे. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात तर खालच्या ग्रेडवाल्यांमध्ये हार्टचे मृत्यू जास्त निघाले, आणि सिगरेट, बीपी सगळं हिशोबात धरलं तरी फरक काही पूर्ण सुटेना.

आता दोन कामांतल्या लोकांच्या तब्येतीची तुलना करताना नवीन लोक हमखास फसतात ती जागा. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने दाखवलं की लंडनच्या डबलडेकरमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. सगळे खूश, चालणं चांगलं! पण त्यानेच पुढे युनिफॉर्मची मापं तपासली तर तरुण ड्रायव्हरांच्या पँटीसुद्धा कमरेला मोठ्या, म्हणजे माणसं मुळात वेगळीच भरती होत असतील का हा प्रश्न आलाच (मला तर हा दुसरा पेपर जास्त आवडतो). याच्या उलट बाजूने, ज्याला झेपत नाही तो काम सोडून जातो, त्यामुळे कारखान्यात उरलेले लोक ठणठणीत दिसतात आणि तुम्ही लिहिता 'धोका नाही'. सोडून गेलेल्यांची यादी मागाच, मॅनेजर कुरकुर करेल, करू दे.

फील्डवर साध्या खुणा कामी येतात. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं तर आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर समजा आणि मग मीटर लावा. आणि बेकरीत पिठात काम करणारा खोकत असेल तर औषधाचं नंतर, आधी विचारा सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का. हो म्हणाला तर कामामुळे दमा झाला असू शकतो, चेस्टच्या डॉक्टरकडे पाठवा.