३जी (उभ्या प्लेटच्या) वेल्डर टेस्टमध्ये रूट बेंड फुटत होता, तो असा थांबला (माझा अनुभव)

एएसएमई सेक्शन ९ (वेल्डरच्या पात्रतेचं अमेरिकन मानक) प्रमाणे पात्र ठरायला आयटीआयची अट नाही. अनुभवी हाताने टेस्ट प्लेट पास करायची. पण १० मिमी प्लेटचा रूट बेंड (जोडाचा तळ, म्हणजे रूट, बाहेर ठेवून पट्टी वाकवायची चाचणी) दरवेळी मधोमध उघडायचा. ३ मिमीपेक्षा मोठी भेग म्हणजे नापास. वर्षानुवर्षं वेल्डिंग करणाऱ्याला हे फार लागतं. करंट वाढवला, रॉडचा ब्रँड बदलला, फरक शून्य.

दोष दोन प्लेटमधल्या गॅपमध्ये होता. खालून वर जाताना प्लेट आकसते, गॅप मिटतो, रूट आरपार जातच नाही.

आता आधी दोन्ही बाजूंना ३० अंश बेव्हल (कडेला उतार), रूट फेस (कडेचा तळाशी सरळ ठेवलेला भाग) दीड मिमी. गॅप खाली ३, वर ४ मिमी ठेवून टॅक (प्लेट जागेवर धरणारे छोटे जोड). मग टॅकची दोन्ही टोकं ग्राइंडरने धारेसारखी उतरती करायची. जाड टॅकवरच जोड कच्चा राहतो. रूट ६०१० रॉडने, ३.१५ मिमी, ८०-९० अँपिअर. कीहोल (वितळलेल्या धातूच्या पुढचं छोटं भोक) सतत दिसलं पाहिजे, ते मिटलं की तिथेच थांबायचं. रॉड बदलताना आधीचं टोक घासूनच पुढे. वरचे थर भट्टीत सुकवलेल्या ७०१८ रॉडचे.

बेंडची पट्टी लांबीच्या दिशेनेच घासा. आडव्या ओरखड्यावरूनही चांगला जोड फाटतो.